लक्ष्या घाबरला तेव्हा

भुताचा सिनेमा बघून आलेल्या माणसाला लोक भुताबद्दल विचारतात. दिसतं कसं, पाय उलटे आहेत का, अंगावर काटा येतो का. मी अशा सिनेमात आधी घाबरणाऱ्या माणसाकडे बघतो. त्याला भूत दिसलं तर मलाही दिसतं. त्याच्या नजरेत खोट असली, तर कितीही भयानक भूत आणा, माझ्या लेखी पडदा रिकामाच. या हिशेबात 'झपाटलेला'मधला लक्ष्मीकांत बेर्डे माझ्यासाठी सगळ्यांच्या पुढे उभा आहे. तीस वर्षं उलटून गेली, तरी त्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मला दिसत नाही.

महेश कोठारे यांचा हा सिनेमा १९९३ साली आला. शहरांत तो थिएटरांत लागला, आणि आमच्यासारख्या गावांत यात्रेतल्या तंबूत पोचला. दुपारपासून जीप फिरायची. तिच्यावरच्या कर्ण्यातून 'आज रात्री ठीक साडेनऊ वाजता' अशी दवंडी चालायची आणि पोरं धुरळ्यात तिच्या मागे पळायची. रात्री कनातीच्या आत एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये, मधे दोरी. बसायला घरून आणलेलं पोतं नाहीतर सतरंजी. मागे ट्रकवर प्रोजेक्टर घरघरत असायचा आणि त्याच्या झोतात विडीचा धूर आणि माती एकत्र तरंगत असायची. रीळ संपलं की अंधार, अंधार झाला की शिट्ट्या.

त्या तंबूत 'झपाटलेला' बघितल्याचं जे आठवतं, त्यात पडद्याइतकीच माणसंही आहेत. तात्या विंचू या गुंडाचा जीव शिरलेला बाहुला पहिल्यांदा आपणहून डोळे फिरवतो, तेव्हा सगळा तंबू गप्प झाला होता. शेजारच्या बाईने पोराच्या तोंडावर पदर ओढला आणि पोरगं पदराच्या विणीतून बघत राहिलं. मग लक्ष्याने, म्हणजे लक्ष्मीकांतने, ते बघितलं. त्याचे डोळे विस्फारले, तोंड उघडलं, आवाज घशातच अडकला, आणि त्याच क्षणी किंकाळी आणि हसू एकदमच फुटलं. कुणाची किंकाळी होती आणि कुणाचं हसू हे सांगता आलं नसतं, कारण एकच माणूस दोन्ही करत होता. शेकडो माणसांना एकाच दमात भ्यायला आणि हसायला लावणं हे अवघड काम आहे. बाहुल्याने फक्त डोळे फिरवले होते, बाकीचं काम लक्ष्मीकांतने केलं होतं.

पुढे गणपतीत मंडळाने भाड्याने आणलेल्या रंगीत टीव्हीवर आणि व्हीसीआरवर तो पुन्हा आला. रात्रभर तीन सिनेमे लावायचे, त्यात 'झपाटलेला' मधे ठेवायचा, म्हणजे पेंगणारी पोरं जागी होतात, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांचं ठरलेलं गणित होतं. नंतर तो टीव्हीवरच्या मराठी सिनेमांत येत राहिला, आणि २००७ मध्ये झी टॉकीज सुरू झाल्यावर तर जेवणाच्या वेळेला सहज लागून जाऊ लागला. आता तो फोनमध्ये आहे. माझ्या भाच्याने तो सलग पाहिलेलाच नाही. त्याला तात्या विंचू ठाऊक आहे तो व्हॉट्सॲपच्या स्टिकरमधून आणि दहा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांतून. बाहुला वळतो, खदाखदा हसतो, 'ओम फट् स्वाहा' म्हणतो, तुकडा संपतो. भाचा हसतो आणि पुढचा तुकडा लावतो.

मला त्या तुकड्यांचं वाईट वाटतं ते एका नेमक्या कारणासाठी. जवळजवळ प्रत्येक तुकडा बाहुल्यापाशी कापलेला असतो. त्यानंतरचा लक्ष्याचा चेहरा त्यात नसतो. म्हणजे ज्याच्यामुळे तो बाहुला जिवंत झाला, नेमका तोच माणूस कात्रीत गेलेला असतो.

गोष्ट आठवून बघा. तात्या विंचू हा नामचीन गुंड. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो. इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागून मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो श्रीरंगपूरच्या लक्ष्याच्या हातात. आता तात्याला त्या बाहुल्यातून सुटायचं असेल, तर ज्या माणसाला त्याने आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं, त्याच माणसाच्या शरीरात शिरावं लागणार. तो माणूस म्हणजे लक्ष्या. कल्पनेचं मूळ १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमात आहे, आणि त्यात कुणाला लपवण्यासारखं काही वाटलेलं नाही. त्या सिनेमात बाहुली सहा वर्षांच्या एका मुलाच्या घरी येते. मुलगा जीव तोडून सांगतो, पण लहान मुलाचं कोण ऐकणार? भीती तिथून उभी राहते.

मराठीत आणताना कोठारे आणि पटकथेवर त्यांच्याबरोबर काम करणारे अशोक पाटोळे यांनी मुलाच्या जागी एक भोळा, वाढत्या वयाचा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा तरुण ठेवला. आणि दुसरं, जे मला आजही फार हुशारीचं वाटतं: त्यांनी त्याला शब्दभ्रमकार व्हायची हौस दिली. लक्ष्या बोलके हा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करू पाहणारा माणूस. ही एक गोष्ट धरली की सगळा सिनेमा आपोआप विनोदी होतो. बाहुला चारचौघांत शिवी हासडतो, धमकी देतो, आणि लोक लक्ष्याकडे बघतात, कारण बाहुल्याचा आवाज त्याचाच असणार ना! तो कळवळून सांगतो, मी नाही बोललो, आणि लोक टाळ्या वाजवतात. जितकं खरं सांगावं तितकी वाहवा मिळत जाते. घाबरलेल्या माणसाची अशी कोंडी दुसऱ्या कुठल्या सिनेमात इतकी साधेपणाने झालेली मला आठवत नाही. परक्या कल्पनेला इथल्या मातीत रुजवणं म्हणजे नुसती नावं बदलणं नव्हे, हे त्या काळातल्या व्यावसायिक मराठी सिनेमाला कळत होतं. त्याचं श्रेय आपण फार कमी देतो.

शब्दभ्रमाची निवड आकाशातून पडलेली नव्हती. महाराष्ट्राच्या घरोघरी बोलकी बाहुली आधीपासून राहत होती. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी रंगमंचावर आणि दूरदर्शनवर मिरवला. आवडाबाईशी त्याची चाललेली तणातणी बघत एक पिढी वाढली. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला कुर्रम कुर्रम म्हणणारा ससाही पाध्ये यांचाच. तात्या विंचूचा बाहुला त्यांनीच घडवला आणि त्यांनीच हलवला. अशा बाहुल्याच्या डोक्यात आतून एक दांडी असते आणि तिला लावलेल्या खटक्यांनी जबडा, डोळे, भुवया हलतात. बोटाचा एक ताण कमीजास्त झाला की रागाचा थंडपणा होतो आणि थंडपणाचं क्रौर्य. पाध्ये यांच्या हातातला तात्या मान वळवताना क्षणभर उशीर करतो. आधी डोळे वळतात, मग मान. सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा एवढंच बघा. माणसाचीही मान अशीच वळते, आणि म्हणून तो लाकडाचा वाटत नाही.

आणि त्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा. गुंड तात्या पडद्यावर तेच, बाहुल्यातला आवाजही त्यांचाच. त्याआधी दोनच वर्षं त्यांनी 'चौकट राजा'मधला नंदू केला होता, आणि पुढे २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त ते गांधीजी झाले. तिथेही ते एकट्या मुन्नाला दिसतात, बाकी कुणाला दिसत नाहीत. न दिसणाऱ्या माणसाला खरं करून दाखवण्याची विद्या या नटाकडे आहे, हे आपल्याला हिंदीवाल्यांच्या आधी तेरा वर्षं माहीत झालं होतं.

पण हात पाध्ये यांचे, आवाज प्रभावळकरांचा, एवढ्यावर बाहुला जिवंत झाला असता तर तो फक्त सुंदर शब्दभ्रमाचा खेळ राहिला असता. सिनेमात बाहुला एका चौकटीत असतो आणि घाबरणारा माणूस पुढच्या चौकटीत. जिवंतपणा त्या दोन चौकटींच्या मधे जन्माला येतो. बाहुला बघतो, कट, लक्ष्या बघतो. लक्ष्मीकांतने त्या नजरेत जे ओतलं, त्याच्या बळावर आपण मागच्या चौकटीतल्या लाकडाला जीव बहाल केला.

तो हे कसं करायचा, ते मी पुष्कळदा निरखून पाहिलं आहे. इतर विनोदी नट घाबरतात तेव्हा घाबरल्याचं दाखवतात. डोळे मोठे, हात वर, धूम ठोकली. लक्ष्मीकांत आधी विश्वास ठेवत नाही. बाहुला हलला हे दिसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर प्रथम एक खुळं हसू येतं, 'असं कुठं असतंय का' म्हणणारं. मग ते हसू ओठांवर तसंच राहतं आणि डोळे मात्र त्याला सोडून जातात. ओठ हसतायत आणि डोळे घाबरलेत, ही अर्ध्या सेकंदाची अवस्था तो न चुकता पकडतो. त्यानंतर येतो आवाज. तोही सरळ येत नाही. पहिलं अक्षर तीनदा अडखळतं, मग सगळं वाक्य एका श्वासात सांडतं. प्रेक्षक हसतो तो त्या सांडण्याला, आणि घाबरतो तो त्याआधीच्या थांबण्याला.

ही तालीम नाटकातली. गिरगावात वाढलेला हा मुलगा मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होता. पडद्यामागे राबत त्याने रंगमंच आतून पाहिला आणि १९८३ च्या 'टूरटूर'ने तो पुढे आला. नाटकात हशा किती वेळ चालेल हे अंगात मुरवावं लागतं. हशा विरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया जातं, उशीर केला तर पकड सुटते. कॅमेऱ्यापुढे हशा नसतो. लक्ष्मीकांत तो आपल्या मनात ऐकायचा, आणि तेवढी जागा सोडायचा. त्यामुळे तंबूतल्या हजार माणसांचा हशा आला तरी त्याचं एकही वाक्य बुडायचं नाही. आज घरात एकट्याने, कानाला इअरफोन लावून तो सिनेमा बघताना त्या जागा मोकळ्या राहतात. नव्या पिढीला मधेच सिनेमा संथ वाटतो तो त्यामुळे. ती जागा आपल्या हसण्यासाठी सोडलेली आहे, हे एकट्याला कळणार कसं?

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी बोलत नाही. 'झपाटलेला'च्या आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, लक्ष्मीकांतने 'एक होता विदूषक' केला होता. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. तमाशातला आबुराव त्याने ज्या ताकदीने उभा केला, त्याला प्रेक्षकांनी हवा तसा प्रतिसाद दिला नाही. लोकांना हसवणारा लक्ष्याच हवा होता. त्या सिनेमात त्याची आई झाल्या होत्या मधू कांबीकर, आणि पुढच्याच वर्षी श्रीरंगपूरच्या लक्ष्याची आईही त्याच. हे दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ बघावेत असं मी प्रत्येकाला सुचवतो. आबुरावाच्या डोळ्यांत जो एकटेपणा होता, तो लक्ष्याच्या घाबरण्यात शिल्लक आहे. गाव आपल्याला वेडा समजतंय, आईसुद्धा काळजीने बघतेय पण तिचाही विश्वास बसत नाहीये, हे जेव्हा त्याच्या लक्षात येतं, तेव्हा विनोदी सिनेमात न शोभणारं खरं दुःख त्याच्या चेहऱ्यावर येऊन जातं. कोठारे यांनी ते कापलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आता प्रेमाकडे वळतो, कारण 'झपाटलेला' हा भुताचा सिनेमा आहे तेवढाच प्रेमाचा आहे. कोठारे यांच्या सिनेमांची एक पद्धत होती. स्वतः ते नायक, बहुतेक वेळा पोलीस, बरोबर नायिका, आणि समांतर लक्ष्याची जोडी. इथे इन्स्पेक्टर महेशबरोबर किशोरी आंबिये यांची गौरी आहे, आणि लक्ष्याची आवडी झाल्या आहेत पूजा पवार. कागदावर पहिली जोडी मुख्य. तंबूतल्या माणसांना विचाराल तर मुख्य जोडी दुसरी. त्या काळापर्यंत विनोदी नटाचं प्रेम हे बहुधा टिंगलीसाठी असायचं, नायकाच्या गाण्यानंतर जरा विसावा म्हणून. लक्ष्याचं आवडीवरचं प्रेम मात्र सिनेमा मनापासून घेतो. तात्याला हवं आहे लक्ष्याचं शरीर. तो जिंकला तर उद्या आवडीसमोर चेहरा लक्ष्याचा उभा असेल आणि आत तात्या. सिनेमा हे मोठ्याने सांगत नाही, पण लक्ष्याच्या धडपडीमागे ते सतत आहे. जीव वाचवायला तर सगळेच पळतात. लक्ष्या पळतो तेव्हा आवडीचा लक्ष्या म्हणून शिल्लक राहण्यासाठी पळतो. भीती, विनोद आणि प्रेम हे तीन सांधे एकाच जागी जुळतात आणि ती जागा म्हणजे लक्ष्मीकांतचा चेहरा.

आपल्याकडची भुतं मुळात प्रेमाची आणि लग्नाची आस राहिलेली असतात. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेली ती हडळ. खवीस, समंध, झोटिंग, प्रत्येकाचं काही ना काही राहून गेलेलं. 'झपाटलेला'ने यातलं नाव तेवढं उचललं, बिपीन वर्टी यांचा कुबड्या खवीस म्हणून. ती आस कोठारे यांनी पुढे २००४ च्या 'पछाडलेला'मध्ये पुरी वापरली. वाड्यात अडकलेल्या भुताला काय हवंय, तर लगीन. तिथे भरत जाधवने धमाल केली आणि सिनेमाही चालला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत गेला. वय पन्नास.

त्यानंतरच्या काळात भूत पुष्कळ सुधारलं. २०१३ च्या जूनमध्ये 'झपाटलेला २' आला तो त्रिमितीत. आदिनाथ कोठारे लक्ष्याच्या मुलाच्या, आदित्य बोलकेच्या भूमिकेत, सोबत सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे. चष्मा घालून बसलं की तात्या हात लांब करून आपल्या मांडीपर्यंत यायचा. मराठी सिनेमाने असं धाडस करावं याचा मला अभिमान वाटला. 'धडाकेबाज'मधून मराठीला सिनेमास्कोपचा रुंद पडदा दाखवणाऱ्या दिग्दर्शकाने त्रिमितीही आणावी हे त्यांना शोभून दिसलं. पण मल्टिप्लेक्सच्या त्या गार अंधारात माझ्या ध्यानात आलं ते हे की तात्या जवळ आला आणि भीती लांब गेली. तो माझ्या नाकासमोर होता. त्याच्याकडे बघून माझ्यावतीने घाबरणारं कुणी नव्हतं.

मग २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस 'मुंज्या' आला. सिनेमा हिंदी, पण दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपले, पार्श्वभूमी कोकणाची, भूत पिंपळावरचं, आणि त्याची मागणीही लग्नाचीच. याआधी मराठीत 'झोंबिवली' करून सरपोतदारांनी विनोद आणि भीती एकत्र ठेवायचा हात साफ केलेला होता. 'मुंज्या' देशभर चालला आणि आमच्या आजीच्या गोष्टीतलं भूत दिल्ली-लखनौच्या पोरांनी डोक्यावर घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला. हे भूत संगणकात घडलेलं आहे. कातडीवरच्या सुरकुत्या, दात, उडी मारताना ताणली जाणारी नस, सगळं पाहण्यासारखं. अभय वर्माने त्यात जीव तोडून काम केलंय. त्याच्या वाट्याला आलेलं काम लक्ष्मीकांतच्या कामापेक्षा अवघड आहे, हे मी मान्य करतो, कारण त्याच्यासमोर बघायला भूतच नव्हतं. मुंज्या पुढे संगणकावर तयार होणार होता. तो घाबरला तो रिकाम्या जागेला.

लक्ष्मीकांतसमोर बाहुला होता. त्याच्यामागे पाध्ये यांचा हात होता. तो बाहुला त्याच्याकडे बघायचा, याने काही केलं तर तो जबाब द्यायचा. दोन कलावंत एकमेकांचा ताल बघून खेळत होते, तबला आणि पेटीची संगत असते तसे. चेहऱ्यावरचा एखादा बारीक भाव त्या घडीला आलेला असतो, ठरवलेला नसतो. 'झपाटलेला'मध्ये असे भाव जागोजागी आहेत. नव्या सिनेमांत भुताच्या वाट्याला पैसा आणि महिने येतात, घाबरणाऱ्याच्या वाट्याला उरलेली चौकट. आणि चौकटही किती वेळ? भूत महाग असलं की कॅमेरा त्याच्यावर जास्त रेंगाळणार, हे उघड आहे. १९९३ मध्ये बाहुल्याला मर्यादा होत्या. त्याला फार वेळ दाखवलं तर दांडी दिसेल, धागा दिसेल. म्हणून कॅमेरा वळायचा लक्ष्याकडे. त्या गरिबीतून मराठी सिनेमाला त्याचा सर्वात मोठा भुताचा सिनेमा मिळाला, असं माझं ठाम मत आहे.

हिंदीलाही त्याचं मोल कळलं होतं. १९९५ मध्ये तो 'खिलौना बना खलनायक' या नावाने हिंदीत आला. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मुळे लक्ष्मीकांतचा चेहरा तिकडे ओळखीचा झालाच होता. पण उत्तरेकडच्या प्रेक्षकाने त्याला बहुतेक वेळा घरचा विश्वासू नोकर म्हणून पाहिलं. तंबूतल्या माणसाने त्याला ज्या मानाने नायक म्हणून पाहिलं, तो मान तिकडे मिळाला नाही, आणि या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

आता तिसऱ्या भागाची तयारी आहे, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लक्ष्मीकांतला पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. ज्या मित्राबरोबर पंधरा-वीस वर्षं काम केलं त्याला परत बघण्याची ओढ मी समजू शकतो. त्यांचं त्याच्यावरचं प्रेम खरं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही हे करू नये असं मला फार वाटतं. यंत्र त्याचा चेहरा आणील, आवाज आणील, अडखळणारं पहिलं अक्षरही आणील. पण तो चेहरा कुणाकडे बघेल? लक्ष्मीकांतची ताकद समोरच्याच्या उत्तरात होती. बाहुला असो, सहनट अशोक सराफ असोत, आई झालेल्या मधू कांबीकर असोत, तो आधी ऐकायचा, बघायचा, मग त्याचं काम सुरू व्हायचं. आधीच्या सिनेमांतून गोळा केलेल्या हजार चेहऱ्यांची बेरीज करून नवा चेहरा होईल. त्या क्षणी समोरच्याने काय केलं म्हणून आलेला चेहरा होणार नाही. तात्या विंचू लक्ष्याच्या शरीरात शिरू बघत होता आणि सगळा सिनेमा त्याला अडवण्यासाठी होता. त्या लक्ष्याच्या चेहऱ्यात आता यंत्राने शिरावं, ही कल्पना मला सहन होत नाही.

माझं म्हणणं यापेक्षा साधं आहे, आणि खर्चही कमी आहे. जुना 'झपाटलेला' स्वच्छ करून पुन्हा थिएटरांत लावावा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. कोकणातल्याच मातीतला तोही भीतीचा सिनेमा. जुन्या प्रती सांभाळण्याचं आणि दुरुस्त करण्याचं ज्ञान पुण्यातच लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. मराठीतल्या अभिजात म्हणवल्या जाणाऱ्या सिनेमांना तिथे जागा मिळते, मिळायलाच हवी. तेवढीच जागा 'झपाटलेला'ला, 'धूमधडाका'ला, 'थरथराट'ला मिळावी. रंग उडालेल्या, आवाज चिरकलेल्या प्रतीवर आज हे सिनेमे फोनमध्ये फिरतात, आणि नव्या पोरांना वाटतं की ते मुळातच असे होते.

दर शनिवारी एक खेळ, दुपारी, तिकीट परवडेल असं. पुण्यात, दादरला, साताऱ्यात, अकोल्याला. आजोबा-आजींनी नातवंडांना घेऊन यावं. माझ्या भाच्याला मी नेणार आहेच, फोन घरी ठेवायला लावून. बाहुला डोळे फिरवील तेव्हा तो स्टिकर ओळखून हसेल. त्यानंतर कट होईल आणि लक्ष्याचा चेहरा येईल, जो त्याने कधी पाहिलेला नाही. त्या वेळी पडद्याकडे पाठ करून मला भाच्याकडे बघायचं आहे.